खऱ्या विषावर फासलेला हरताळ

माझ्या धाकट्या बहिणीच्या ओसरीवर काचेचे दोन ग्लास ठेवले होते. एकात तिच्या अंगणातल्या बोअरचं पाणी, दुसऱ्यात पाण्याचं यंत्र विकायला आलेल्या पोरानं आपल्या बाटलीतून ओतलेलं आरओचं. हिंगोली जिल्ह्याच्या औंढा तालुक्यातलं गाव. तिची सून सहा आठवड्यांचं बाळ मांडीवर घेऊन उंबऱ्याशी बसली होती. पोरानं पिशवीतून एक डबी काढली, तिच्या धातूच्या दांड्या दोन्ही ग्लासांत बुडवल्या आणि पिन बोर्डात खोचली. बघता बघता बोअरचं पाणी पिवळट झालं, मग तपकिरी, आणि वर गाळाचे पुंजके तरंगायला लागले. आरओचं पाणी जसंच्या तसं नितळ राहिलं.

"बघा मावशी, हे तुम्ही रोज पिता. याच्यात आर्सेनिक आहे. कॅन्सर होतो यानं."

बहिणीचा चेहरा उतरला. तिनं माझ्याकडं पाहिलं. "दादा, आर्सेनिक म्हंजे इख का रे?"

माझी सगळी नोकरी पाणी तपासण्यात गेली. विहिरींचे, आडांचे, हातपंपांचे नमुने आणायचे, बाटलीवर गावाचं नाव लिहायचं, आकडा काढायचा आणि कागद पुढं पाठवायचा. निवृत्त होऊन काही वर्षं झाली तरी घरी तपासणीची पिशवी ठेवलेली आहे. त्या ओसरीवर मला जो संताप आला, त्यातून हा लेख लिहितो आहे. संताप त्या पोरावर नाही. ते आमच्याच तालुक्यातलं, पदवी घेऊन कमिशनवर राबणारं. ज्यांनी त्याच्या हातात ती डबी दिली आणि तोंडात ते वाक्य घातलं त्यांच्यावर आहे. आणि ज्यांनी आपलं काम न केल्यामुळं या डबीला घरोघरी वाट मिळाली, त्यांच्यावर त्याहून जास्त आहे.

मी सुनेला चिमूटभर मीठ आणायला सांगितलं. ते पोराच्या नितळ ग्लासात टाकलं, ढवळलं आणि म्हणालो, "आता लाव पिन." त्यानं लावली. थोड्या वेळात त्याचंही पाणी तपकिरी झालं, तसाच गाळ वर आला. मिठात आर्सेनिक असतं का, असं मी त्याला विचारलं. तो काही बोलला नाही.

हा खेळ मराठवाड्यातल्या हजारो ओसऱ्यांवर झालेला असणार, म्हणून त्यातली गोम उघड सांगतो. दांड्यांपैकी एक लोखंडाची असते, दुसरी अ‍ॅल्युमिनियमची. साध्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम असे क्षार विरघळलेले असतात, त्यामुळं त्यातून वीज वाहते. वीज वाहिली की लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. जो तपकिरी गाळ दिसतो तो त्या दांडीचा गंज असतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, वीज वाहत नाही, म्हणून ते नितळ राहतं. मीठ टाकलं की तेही गंजतं. पाण्यात विष आहे की नाही, याच्याशी या खेळाचा काडीचाही संबंध नाही.

याहून मोठी लबाडी पुढं आहे. लोखंडाचा हाच ताजा गंज आर्सेनिक पकडतो. मुंबईत जन्मलेले शास्त्रज्ञ अशोक गाडगीळ आणि त्यांच्या बर्कलीच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तत्त्व वापरलं. लोखंडी पत्र्यांतून वीज सोडायची, पाण्यात गंज तयार होऊ द्यायचा, त्याला आर्सेनिक चिकटतं, मग गाळ खाली बसवून वरचं पाणी प्यायचं. पश्चिम बंगालच्या दक्षिण २४ परगणा जिल्ह्यात धपधपी इथल्या शाळेत दिवसाला १०,००० लिटर पाणी देणारं असं केंद्र त्यांनी उभारलं. जो गाळ तिथं मुलांना आर्सेनिकापासून वाचवतो, तोच गाळ इथं आर्सेनिक म्हणून दाखवून माझ्या बहिणीला भेडसावलं जातं. विज्ञानाचा इतका उलटा वापर मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

आर्सेनिक आपल्या भाषेला अनोळखी नाही. जुनी माणसं ज्याला सोमल म्हणत ते आर्सेनिकच. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधकाचं पिवळं खनिज. पोथीत अक्षर चुकलं की लेखनिक त्यावर हरताळाचा लेप द्यायचे, खालचं अक्षर झाकलं जायचं. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथूनच आला. हिंगोली जिल्ह्यात आज तेच होतं आहे. पाण्यातल्या खऱ्या विषाच्या नावावर आर्सेनिकाच्या नावाचा लेप दिला गेला आहे, आणि खालचं अक्षर कुणी वाचत नाही.

आर्सेनिक जिथं आहे तिथं ते भयंकर आहे, यात शंका नाही. १९८३ मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडं अंगावर पावसाच्या थेंबांसारखे काळे-पांढरे ठिपके आणि तळहात-तळपाय जाड खरखरीत झालेले रुग्ण यायला लागले. दुखणं नळकूपाच्या पाण्याचं होतं. पुढं जादवपूर विद्यापीठाच्या दीपंकर चक्रवर्ती यांनी गावोगाव हिंडून ते किती पसरलं आहे हे दाखवलं. आपल्याला जवळचं एक ज्ञात ठिकाण म्हणजे गडचिरोलीच्या सीमेपलीकडं छत्तीसगडमधलं कौडीकसा, अंबागड चौकीच्या परिसरातलं. तिथल्या माणसांच्या कातडीवरच्या खुणा १९९९ मध्ये जगापुढं आल्या.

पण बंगालची जमीन आणि आपली जमीन एक नाही. गंगेच्या मुखाशी हिमालयातून वाहून आलेला गाळ साचला आहे. भूगर्भाच्या हिशेबात तो कालपरवाचा. त्यात कुजलेला पालापाचोळा आहे, खाली हवा पोचत नाही. अशा कोंदट जागी गाळाच्या कणांवरचा गंज विरघळतो आणि त्याला चिकटलेलं आर्सेनिक पाण्यात सुटतं. हिंगोली बसली आहे ती साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या काळ्या पाषाणावर. आपलं पाणी मुरमात आणि खडकाच्या भेगांत असतं, आणि उथळ विहिरींत त्याला हवा लागलेली असते. बंगालमध्ये जे घडलं त्याला लागणारी कोंदट जागाच इथं सहसा नसते. कयाधू आणि पैनगंगेच्या मुलखात आर्सेनिकाची भीती विकणाऱ्यानं आधी एका तरी विहिरीचा कागद दाखवावा.

तो दाखवत नाही. तो खिशातून पेनासारखं टीडीएस मीटर काढतो. मीटर सहाशे दाखवतं आणि घर घाबरतं. ते मीटर विष मोजत नाही, पाण्यातून वीज किती वाहते एवढंच पाहतं आणि त्यावरून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस १०५०० आर्सेनिकाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम सांगतं. समजा एखाद्या पाण्यात या मर्यादेच्या पाचपट आर्सेनिक आहे, म्हणजे ०.०५ मिलिग्रॅम. मग टीडीएस ६०० चा ६००.०५ होईल. पेनावर आकडा सहाशेच दिसेल. उलट साठ टीडीएसच्या नितळ, गोड पाण्यातही मारक आर्सेनिक असू शकतं आणि पेन ते चांगलं म्हणून पास करील. आर्सेनिकाच्या गोष्टी सांगून टीडीएसचं पेन दाखवणारा माणूस एक तर अडाणी आहे किंवा खोटं बोलतो आहे.

पोराला मी बसवून घेतलं, चहा दिला आणि पिशवी उघडली. आर्सेनिकाची चाचणी अशी असते: बाटलीत पाणी घ्यायचं, त्यात आम्लाची पूड आणि जस्ताची पूड टाकायची, झाकणाखाली मर्क्युरिक ब्रोमाइड लावलेली कागदाची पट्टी अडकवायची आणि थांबायचं. आर्सेनिक असेल तर त्याचा वायू वर येतो आणि पट्टी पिवळी, मग तपकिरी पडते. आम्ही चौघं त्या पट्टीकडं बघत बसलो. वीस मिनिटांनी ती जशी घातली तशी पांढरी होती. मग दुसरी नळी घेतली, त्यात त्याच बोअरचं पाणी आणि नायट्रेटची पूड टाकून हलवलं. नळी आधी फिकी गुलाबी झाली, मग गडद होत गेली. कार्डावरच्या रंगांशी ताडून पाहिली. नायट्रेट मर्यादेच्या बरंच वर होतं.

सून म्हणाली, "मामा, बाळाला गुटी याच पाण्यात उगाळून देतो."

त्या घरातलं विष हे होतं, आणि त्याचं नाव त्या ओसरीवर तोवर कुणी उच्चारलं नव्हतं. पोरानं नाही, ग्रामपंचायतीनं नाही, दवाखान्यात बाळंतपण झालं तिथंही नाही.

नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आणि मानकात तिला कसलीही सूट नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहण्यापासून अडवतं. ओठ, नखं निळसर पडतात, बाळ दमतं, जिवावर बेततं. अमेरिकेतल्या आयोवात हंटर कॉमली या डॉक्टरांनी १९४५ मध्येच विहिरीच्या पाण्याचा आणि निळ्या पडणाऱ्या बाळांचा हा संबंध दाखवला. म्हणजे ही माहिती आपल्या स्वातंत्र्याहून जुनी आहे. आणि घरातले सगळे उपाय इथं थिटे पडतात. फडक्यानं गाळा, तुरटी फिरवा, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाका, नायट्रेट तसंच राहतं. उकळलं तर पाणी आटतं आणि उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. बाळासाठी म्हणून मायेनं पाणी उकळणारी आई नकळत ते जास्त घातक करते, आणि हे तिला सांगायला कुणी जात नाही.

केंद्रीय भूजल मंडळाचा २०२४ चा गुणवत्ता अहवाल सगळ्यांना खुला आहे. देशभरातल्या १५,२५९ ठिकाणांच्या नमुन्यांत जवळपास २० टक्क्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर निघालं, फ्लोराइड ९ टक्क्यांत आणि आर्सेनिक साडेतीन टक्क्यांच्या आसपास. महाराष्ट्रात दर तीन नमुन्यांमागं एकाहून अधिक नायट्रेटनं नापास. सर्वाधिक नायट्रेटच्या १५ जिल्ह्यांत सात महाराष्ट्राचे आहेत: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ. यातले नांदेड आणि यवतमाळ आमच्या जिल्ह्याला खेटून आहेत. पाणी आणि खडक तहसीलदाराची हद्द ओळखत नाहीत.

ते कुठून येतं, हे शोधायला संशोधनाची गरज नाही. गावातून एक फेरी मारली की दिसतं. विहिरीपासून दहा पावलांवर उकिरडा. गोठ्याचं मूत वाहून जातं ते आडाकडं. शौचालयं झाली हे चांगलंच झालं, पण त्यांचे शोषखड्डे बोअरच्या शेजारी खणले गेले. आणि शेतात युरिया. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला अभिमान आहे. पण हळदीला पाणी लागतं आणि नत्रही लागतं, आणि पिकानं न उचललेलं नत्र पाण्याबरोबर खाली जातं. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत सुमारे पावणेएकवीस किलो नत्र असतं. ते सगळं नायट्रेट होऊन खाली गेलं तर वीस लाख लिटर शुद्ध पाणी मर्यादेपर्यंत नेऊन ठेवील. त्याचा दहावा हिस्साच झिरपला असं धरा, तरी दोन लाख लिटर. ही एका गोणीची गत. आपल्या शिवारात वर्षाला किती गोण्या पडतात, हे ज्याचं त्यानं मोजावं.

आणखी एक गोष्ट रसायनशास्त्र सांगतं. जिथं पाण्यात नायट्रेट टिकून आहे तिथं हवा पोचलेली असते, आणि हवा पोचलेल्या पाण्यात बंगालच्या तऱ्हेनं आर्सेनिक सुटत नाही. नळीतला तो गडद गुलाबी रंगच आर्सेनिकाच्या गोष्टीविरुद्ध साक्ष देत होता.

आता आरओबद्दल. माझा त्या यंत्राशी दावा नाही. १९५९-६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि आपले श्रीनिवास सौरीराजन यांनी समुद्राचं पाणी गोडं करण्यासाठी जो पडदा बनवला, ती माणसानं पाण्याबाबत केलेल्या मोठ्या कामांपैकी एक आहे. पाणी दाबानं पडद्यातून ढकलायचं; पाणी पार होतं, क्षार मागं राहतात. पडदा नवा असेल, दाब पुरेसा असेल तर नायट्रेटही बरंचसं अडतं. आर्सेनिकही अडतं, पण एका अटीवर.

आर्सेनिक पाण्यात दोन रूपांत असतं. एक विद्युतभारित, त्याला आर्सेनेट म्हणतात. ते पडदा नीट अडवतो. दुसरं आर्सेनाइट, साध्या पाण्यात त्याला भार नसतो, म्हणून ते पडद्यातून मोठ्या प्रमाणात निसटतं. आणि खोल, हवा नसलेल्या नळकूपांत बहुतांश हेच दुसरं रूप असतं. म्हणून आर्सेनिकाच्या मुलखात आरओ बसवायचा तर आधी क्लोरीन किंवा तत्सम काही घालून आर्सेनाइटचं आर्सेनेट करावं लागतं. पण क्लोरीन त्या पातळ पडद्याला खातं, म्हणून पडद्याच्या आधी उरलेलं क्लोरीन पुन्हा काढावं लागतं. ही साखळी कुणी सांभाळली तर आरओ आर्सेनिकावर उपाय ठरतो. नाही सांभाळली तर तो नितळ, गोड पाणी देतो आणि विष जाऊ देतो. त्या पोराच्या माहितीपत्रकात यातलं एक अक्षर नव्हतं.

त्याच्या यंत्रात एक बारीक स्क्रू मात्र होता. मेकॅनिक त्याला टीडीएस अ‍ॅडजस्टर म्हणतात. आरओचं पाणी बेचव लागतं अशी तक्रार आली की पेचकसानं तो थोडा फिरवतात आणि न गाळलेलं कच्चं पाणी थेट शुद्ध पाण्यात मिसळतं. चव येते, ग्राहक खूश होतो. पण कच्च्या पाण्यात जे आहे ते सगळं परत येतं. आर्सेनिक असेल तर आर्सेनिक, नायट्रेट असेल तर नायट्रेट. ज्या विषाचं नाव घेऊन यंत्र विकलं, तेच विष चवीसाठी पुन्हा ग्लासात सोडायचं. जारवाल्यांच्या प्लँटवरही हे मिश्रण चालतं. तुमच्या यंत्रात तो स्क्रू किती फिरवला आहे, हे उद्याच मेकॅनिकला विचारा.

दुसरी गोष्ट मोरीतून वाहून जाते म्हणून डोळ्याआड होते. घरगुती आरओ एक लिटर देताना साधारण तीन लिटर फेकतो. प्लँटचा हिशेब करू. दिवसाला वीस लिटरचे पाचशे जार, म्हणजे १०,००० लिटर. यंत्र शंभरातलं चाळीस देत असेल तर बोअरमधून २५,००० लिटर उपसावं लागतं आणि १५,००० लिटर नालीत जातं. ज्या मराठवाड्यात फेब्रुवारीत टँकरची मागणी सुरू होते, तिथं हे चालतं. आणि नालीत गेलेलं पाणी मूळ पाण्याहून जास्त क्षारयुक्त, जास्त नायट्रेटचं. ते त्याच गावात मुरतं आणि त्याच भूजलात परत उतरतं. राष्ट्रीय हरित लवादानं मे २०१९ मध्ये सांगितलं की जिथं पाण्याचा टीडीएस ५०० च्या खाली आहे तिथं आरओ वापरू देऊ नये, आणि जिथं वापराल तिथं किमान ६० टक्के पाणी हाती आलं पाहिजे. आमच्याकडच्या कुठल्या जारवाल्याला हे कुणी विचारलं, हे मला कळवावं.

जारचा धंदा कसा चालतो तेही सांगितलं पाहिजे. सीलबंद बाटलीला मानक आहे, आयएस १४५४३. जारला सील लावत नाहीत आणि मग म्हणतात आम्ही पॅकबंद पाणी विकतच नाही, नुसतं थंड पाणी देतो. लग्नात, कार्यालयात, शाळेत, दुकानात तेच. जार कधी धुतला, पडदा कधी बदलला, पाण्यात काय आहे, याचा कागद कुठंही नाही. आमच्या गल्लीत जार वीस रुपयांना घरपोच येतो. रोज एक धरला तर वर्षाला ७,३०० रुपये होतात. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे मजुराच्या घरानं वर्षातले तेवीस दिवस उन्हात फक्त पाण्याच्या जारसाठी राबायचं. ज्याला ते जमत नाही तो बोअरचं पितो. एकाच गल्लीत पैसेवाल्याचं पाणी वेगळं आणि गरिबाचं वेगळं, अशी वाटणी आपण पुन्हा उभी केली. या जिल्ह्याच्या नर्सीला संत नामदेवांचं गाव म्हणून आपण हात जोडतो आणि पाण्याच्या बाबतीत असं वागतो.

ग्रामपंचायतीच्या प्लँटची कथा याहून दुःखद आहे. माझ्या ओळखीच्या एका गावात निधीतून आरओचं केंद्र उभं राहिलं. नाणं टाका, पाणी घ्या. उद्घाटनाला नारळ फुटला, फोटो निघाले. वर्ष-दीड वर्ष चाललं. मग पडद्यावर क्षारांचा थर बसला, मोटर जळली, वीजबिल कुणी भरायचं यावर सभेत भांडण झालं आणि शटरला कुलूप लागलं. आज त्या शेडमध्ये कडब्याच्या पेंढ्या आहेत. प्लँट बसवण्याआधी त्या पाण्याची तपासणी कुणी केली होती का, म्हणून मी जुना दप्तरखाना धुंडाळला. नायट्रेटचा, फ्लोराइडचा, आर्सेनिकाचा, एकही कागद मिळाला नाही. रोग न बघता औषध दिलं, आणि तेही अर्ध्यावर सोडलं.

कुणी म्हणेल, सरकार पाणी तपासतंच की. तपासतं, पण काय तपासतं ते बघा. आपल्या राज्यात ग्रामपंचायतींना पाण्याच्या स्वच्छतेवरून लाल, पिवळं, हिरवं कार्ड देण्याची पद्धत आहे. पद्धत चांगली आहे; टीसीएल आहे का, गळती आहे का, विहिरीभोवती घाण आहे का, जलसुरक्षक काम करतो का, हे त्यात पाहतात. पण तो जंतूंचा हिशेब आहे. हिरवं कार्ड मिळालेल्या गावाच्या पाण्यातही नायट्रेट मर्यादेच्या दुप्पट असू शकतं आणि कार्ड हिरवंच राहील. १५ ऑगस्ट २०१९ ला जल जीवन मिशन जाहीर झालं, माणशी रोज ५५ लिटर नळाचं पाणी ठरलं, प्रत्येक स्रोताची वर्षातून एकदा रासायनिक तपासणी ठरली, गावातल्या पाच बायकांना चाचणीचं किट शिकवायचं ठरलं. किट आलीही. किती गावांत ती पंचायतीच्या कपाटात सीलबंद पडून आहेत, हे सरपंचांनी कपाट उघडून सांगावं. आणि ज्यांची तपासणी होते ते सार्वजनिक स्रोत. घरोघरच्या अंगणातले बोअर कुणाच्याच यादीत नाहीत.

याच औंढा तालुक्यात लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून येणारा, प्रोटॉनच्या व्यासाहून कितीतरी लहान थरार ती मोजणार आहे. ती व्हावीच. पण तिच्या कुंपणाबाहेरच्या विहिरीत एका लिटरला किती नायट्रेट आहे हे सांगायला काही रुपयांची एक नळी पुरते, आणि ती नळी कुणी उघडत नाही. ज्ञान नाही, पैसा नाही, ही सबब या तालुक्यात तरी कुणी सांगू नये.

बांगलादेशानं काय केलं ते आठवा. १९७० च्या दशकात जंतूंपासून वाचवण्यासाठी गावोगाव नळकूप खोदले गेले आणि त्यांतून आर्सेनिक वर आलं. ॲलन स्मिथ आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये त्याला इतिहासातली सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा म्हटलं. त्या गरीब देशानं पहिलं मोठं काम केलं ते मोजण्याचं. जवळपास पन्नास लाख नळकूप तपासले. जो सुरक्षित त्याच्या तोटीला हिरवा रंग, जो घातक त्याच्या तोटीला लाल. सुमारे चौदा लाख तोट्या लाल झाल्या. अनेक घरांसाठी उपाय शेजारची हिरवी तोटी हाच ठरला. तो कार्यक्रमही पुढं ढिला पडला, पण त्यातली शिकवण पक्की आहे: आधी मोजा, मग ज्याचं त्याला सांगा, यंत्राचं नंतर बघा.

माझ्या बहिणीच्या घरी हेच झालं. तिच्या बोअरपासून दोनशे पावलांवर गावच्या नळयोजनेचं पाणी येतं. त्या योजनेची विहीर नदीकाठी, वस्तीपासून आणि उकिरड्यांपासून लांब. त्याच दुपारी मी ते पाणी तपासलं. आर्सेनिक नाही, नायट्रेट मर्यादेत. नळाचं पाणी गढूळ येतं म्हणून बहीण ते गुरांना घालत होती आणि बोअरचं नितळ पाणी माणसांना. आम्ही अदलाबदल केली. नळाचं पाणी गाळून, निवळून, उकळून प्यायला. बोअरचं धुण्याला आणि जनावरांचा गोठा धुवायला. बाळाला सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, गुटीही नाही. खर्च शून्य रुपये झाला. ते पोर जे यंत्र विकायला आलं होतं त्याची किंमत बहिणीच्या सोयाबीनच्या कित्येक पोत्यांएवढी होती.

म्हणून माझं मागणं थोडं आणि स्पष्ट आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक पिण्याच्या स्रोताची, अंगणातल्या बोअरसकट, नायट्रेट, फ्लोराइड आणि एकदा आर्सेनिकाचीही तपासणी करा. आर्सेनिक नसेल तर तसं लिहून लावा, म्हणजे त्या नावानं कुणी कुणाला लुटणार नाही. असेल तर तेही लिहा आणि तिथं साखळी सांभाळून यंत्र बसवा. आकडा विहिरीच्या कठड्यावर तेलरंगात लिहा, कागदावर नको, कारण कागद कपाटात जातो. जारवाल्यांना पाण्याचा अहवाल दारावर लावायला भाग पाडा आणि नालीत जाणाऱ्या पाण्याचा हिशेब मागा. दवाखान्यात बाळंतिणीला सुट्टी देताना घरचं पाणी तपासलं का, हे विचारा. उकिरडे आणि शोषखड्डे विहिरीपासून दूर न्या. जिथं दुसरा सुरक्षित स्रोत खरोखर नाही, तिथं पिण्या-स्वयंपाकापुरतं, माणशी आठ-दहा लिटर शुद्ध पाणी देणारं केंद्र चालवा, आणि त्याच्या पडद्याचा, वीजबिलाचा आणि फेकलेल्या पाण्याचा बंदोबस्त नारळ फोडायच्या आधी करा.

"मग तोवर आम्ही काय प्यायचं, यंत्र विकत घेऊ नये का?" असं मला रोज विचारतात. घ्या, पण आधी पाणी तपासा. प्रयोगशाळेचा कागद हातात ठेवा आणि विक्रेत्याला विचारा: यातलं कुठलं विष तुझं यंत्र किती अडवतं, पडदा कधी बदलायचा, आणि तो स्क्रू बंद आहे का. जो उत्तर देऊ शकत नाही त्याला दारातून परत पाठवा.

निघण्याआधी मी बहिणीच्या बोअरच्या कट्ट्यावर भाच्याकडून लाल तेलरंगात लिहून घेतलं: आर्सेनिक नाही. नायट्रेट मर्यादेबाहेर. लहान बाळाला देऊ नये. खाली तारीख. रंग ओला असतानाच शेजारची एक बाई तांब्या घेऊन आली. "दादा, आमच्याबी बोअरचं बघता का?" मग गल्लीतून बाटल्या यायला लागल्या, शीतपेयाच्या, तेलाच्या, औषधाच्या. माझ्या पिशवीतल्या पुड्या संपल्या तरी ओसरीवर बाटल्यांची ओळ उरली होती.

ती ओळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. लोकांना पाणी तपासून हवं आहे. ते काम एका निवृत्त माणसाच्या पिशवीवर सोडून जिल्हा मोकळा झाला आहे, आणि हे मला मान्य नाही.